शुक्रवारचा शेरा

वीजखात्यात मीटर वाचतो मी, डिचोलीत.
शुक्रवारी म्हापशाला, शेवटचा खेळ.
घरी आलो की रीडिंगच्या जुन्या वहीत शेरा.
कुणी मागितलेला नाही. तरी.

गेल्या महिन्यातला युद्धाचा. तीन तास.
बंदुका उत्तम. आई फार रडते.
मध्यंतरातला सामोसा थंड.

मग भुताचा. बंगल्यात वर्षानुवर्षं वीज नाही म्हणतात
आणि मागे भिंतीवर मीटरचं चाक गरगर फिरतंय!
अख्ख्या थिएटरात मी एकटा हसलो.
पुढची बाई वळून बघत राहिली.

आता हा, आमच्या गोव्यातला. म्हणजे त्यांच्या.
इथे कुणी कामाला जात नाही,
बांगडा महागला म्हणत नाही,
सगळे सूर्यास्ताकडे तोंड करून
प्रेम मोडतात.
नायिका नार्व्याला फेरीत चढते, कळंगुटला उतरते.
असली फेरी आम्हाला का नाही?

पण त्याच फेरीत, डाव्या कोपऱ्यात,
हेल्मेट पोटाशी धरून
आग्नेल फुर्तादो
सरळ कॅमेऱ्यात बघतोय.
बघू नका सांगितलं असणारच.
त्यानं कधी कुणाचं ऐकलंय?
स्विंडनला गोदामात खोकी चिकटवतो म्हणे.
फोन उचलत नाही.
माझं ड्रिल त्याच्याकडेच राहिलं.

शेरा: कथा नाही. गाणी लांब.
नायकाला पोहता येत नाही, स्पष्ट दिसतं.
चार सेकंद बरे.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोच.
खिडकीवरची मुलगी म्हणाली, आवडला वाटतं?
म्हटलं, छे.
डावीकडची खुर्ची दे.