सकाळी या, गार इंजिनावर

मीटरवर जाऊ नका.
चार लाख बारा हजारांवर तो थांबला,
त्यालाही तीन दसरे झाले.
पुढचं मी वहीत मोजलंय, तेलाच्या डब्यांवरून.

सकाळी या म्हटलं ते एवढ्यासाठी.
बॉनेटला हात लावा, गार आहे ना?
गाडी आधीच गरम करून ठेवणारा
काहीतरी झाकत असतो.
मारा आता सेल्फ.
दुसऱ्या फिरकीला उचलली. धूर बघा,
पांढरा आला नि गेला, कपभर चहाच्या वाफेइतका.
तेलाचं झाकण काढा, वर तळवा धरा.
फुंकर लागते थोडी.
वय झालंय, तेवढी लागणारच.

चौदा वर्षं शिरोलीहून उद्यमनगरात
हिनं बिडाची कास्टिंगं ओढली,
वाळू न झाडलेले इंजिनांचे ब्लॉक,
अजून भोकं न पडलेली हेडं.
पोटात एक चालतं इंजिन
आणि पाठीवर न जन्मलेली वीस.
पासिंग सव्वा टनाचं. भरायचो किती, ते मला विचारू नका,
पाटे सांगतील.

एअर फिल्टर मात्र दर पंधरवड्याला झाडला.
फाउंड्रीची वाळू पिस्टनला विचारून आत जात नाही.
पुस्तकात तेल दहा हजाराला लिहिलंय,
मी सातला बदललं.
बायको म्हणायची, एवढं तेल दिवाळीत माझ्या कढईला दाखवा.
टर्बोची गाडी, थांबल्या थांबल्या बंद करायची नाही,
मिनिटभर चालू द्यायची.
त्या मिनिटात मी तंबाखू मळायचो.
तंबाखू सुटली, मिनिट राहिलं.

गिअरबॉक्सचं खरं सांगतो.
तिसरा कुरकुरतो.
चार वर्षांपूर्वी तेल काढलं तर त्यात पितळेचा कीस,
उन्हात धरला तर देवळातल्या घंटेचा रंग.
इलाही मिस्त्री म्हणाला, रिंग झिजली.
बदल, नाहीतर शीक.
पैसे नव्हते, म्हणून शिकलो:
दुसऱ्यातनं काढायचा, न्यूट्रलला एक श्वास,
पुन्हा क्लच, मग तिसरा.
ढकलायचा नाही. हात नुसता ठेवायचा,
तो आपला आपण जातो.

इलाही मिस्त्री आता नाही.
लांब स्क्रू ड्रायव्हर ब्लॉकला टेकवून
मूठ कानाला लावायचा,
डोळे मिटून म्हणायचा, चौथा नोझल थुकायलाय.

महापुरात ही चार दिवस पाण्यात होती.
लपवत नाही. सीटपर्यंत.
पाणी उतरलं तसा चिखलातनं पळत गेलो,
किल्ली लावली, तर त्यानं मनगट धरलं.
"किल्ली खिशात घाल मर्दा. आत पाणी हाय.
पाणी दबत न्हाई, रॉड वाकतोय."
नोझल काढले, हातानं फिरवलं इंजिन,
चारी भोकांतनं पंचगंगा बाहेर.
तेल कसलं, दुधाचा चहा.
तीनदा भरलं, तीनदा सांडलं,
इंजिनचं, गिअरबॉक्सचं, मागच्या गोळ्याचं.
पाचव्या दिवशी म्हणाला, लाव आता.
माझा हात थरथरत होता.
त्यानंच लावली.

एवढी टिकली कशी, विचारताय.
मला वाटतं, त्या दिवशी सेल्फ मारला नाही म्हणून.

कोकणात गूळ न्यायचा म्हणालात. न्या.
करूळ घाट उतरताना तिसऱ्यातच धरा,
इंजिनच आवरतं, ब्रेक तापवू नका.
आणि चालवणार तुमची प्रणोती,
मग तुम्ही मागं व्हा. तिला बसू द्या.

दोनदा वाजवला तिनं.
तिसऱ्यांदा नाही.

पैसे मोजले, कागदांवर सह्या झाल्या.
फाटकातनं गाडी वळली.
पहिला. दुसरा.
मी पत्र्याच्या शेडला टेकून उभा, उगाच, श्वास धरून.
मधे तेवढी जागा सोडली तिनं.

रात्री पँट खुंटीला लावताना हाताला लागली
दुसरी किल्ली.
फोन करायला पाहिजे.
उद्या करतो.