अकरा खाचा

धक्क्यावर पाइपाचा स्टँड आहे. खाचा अकरा.
सायकली सतरा, बाजाराच्या दिवशी वीस.
ग्रामपंचायतीनं निळा रंग दिला होता,
खाऱ्या वाऱ्यानं तो दुसऱ्याच उन्हाळ्यात सोलून काढला.

नियम कुणी लिहिलेले नाहीत.
साखळी चाकातून नव्हे, दांड्यांच्या त्रिकोणातून घ्यायची.
नुसतं चाक बांधलं की चाकच उरतं,
हे शिर्के मास्तर शिकवून गेले:
उरलेलं चाक खांद्याला लावून
दोन मैल चालत, कुणाकडे न बघता.
कुलपाचं तोंड खाली ठेवायचं, नाहीतर आत खार उतरते.
शनिवारी दोन थेंब खोबरेल.
दुसऱ्याच्या ब्रेकच्या तारेत आपलं हँडल खुपसायचं नाही.
कडेची खाच सुगंधा खारवीणीची,
तिच्या पाट्या दोन्ही अंगांनी हातभर बाहेर येतात.
आणि सातव्या खाचेतली हलवायची नाही.
तिचा धनी ट्रॉलरवर गेला, चावी त्याच्या कमरेला.
तिसरा पावसाळा झाला.

मी टपालाची पिशवी घेऊन सातच्या होडीनं पलीकडे जाते,
सहाच्या होडीनं येते.
पौषातल्या त्या बुधवारी आले
तर माझ्या सायकलीला दोन साखळ्या.
एक माझी.
दुसरी नवीकोरी, पिवळ्या नळीतली,
माझ्या त्रिकोणातून शिरून
शेजारच्या काळ्या सायकलीच्या कमरेत अडकलेली.

धक्क्यावर सल्ल्याला तिकीट लागत नाही.
‘घाल गो दगड.’
‘आक्साब्लेड हाय माझ्याकडं, पण दात गेलेत त्याचे.’
‘कुणाची म्हणायची ही? आपल्यातली नाय.’
तिकीटवाला गजा डिंगणकर खिडकीतूनच म्हणाला,
‘हवा सोडा त्याची. चालत जाऊ दे, कळेल.’

खोटं कशाला बोलू, मी वाकले होते.
व्हॉल्व्हची टोपी बोटांत आलीसुद्धा.
तेव्हा दिसलं,
काळ्या सायकलीच्या सीटला दुधाची पिशवी बांधली होती,
दवानं भिजू नये म्हणून.
आणि माझ्या सीटलाही.
तसलीच पिशवी, तसलीच गाठ.

टोपी परत बसवली.
घर तीन किलोमीटर, पिशवी रिकामी,
काजूच्या बागांमधून रस्ता काळा.
चालताना त्याला शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या,
त्या गाठीपाशी येऊन थांबत होत्या.

सकाळी पहिल्या होडीतून इस्माईल सोलकर उतरला,
सदऱ्याच्या खिशातून चावी काढली, विडीच्या कागदात गुंडाळलेली.
‘बर्फाच्या कारखान्यात नवा पोरगा लागलाय, मुबीन.
काल पहिलीच रात्रपाळी, होडी सुटत होती.
लाद्या ढकलता ढकलता मध्यरात्री आठवलं त्याला,
साखळी दोन सायकलींतून गेली.
रात्रभर चार माणसांना विचारत होता,
ती टपालवाली बाई कुठं राहते.
डावीकडं फिरवा म्हणाला, मग अर्धं उलटं.
आणि त्याचं कुलूप पुन्हा लावू नका.
सुटीनंतर तासभर त्याची बोटं वळत नाहीत.’

फिरवली. उघडलं.
माझी सायकल सुटली,
आणि मी ती तिथंच परत बांधली,
मला तर पलीकडेच जायचं होतं.
त्याची साखळी त्याच्याच त्रिकोणातून घेतली,
कुलूप अडकवलं, दाबलं नाही,
लांबून बंद दिसेल इतपत.
चावी इस्माईलच्या खिशात परत.

खोबरेलाची बाटली थिजली होती.
मुठीत धरून थेंब सुटेपर्यंत उभी राहिले,
गजा ओरडत होता, होडी निघाली, होडी निघाली.
दोन थेंब माझ्या कुलपात, दोन मुबीनच्या.
उरलेला एक सातव्या खाचेत जाऊन दिला.
ते उघडणार नाही, मला ठाऊक आहे.
पण जाताना त्यानं तोंड खाली ठेवलं होतं.