अस्पष्ट

पलासियाच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या वाट्याला रोज तीनशे क्लिपा.
एकेक बारा सेकंदांची.
बसच्या काचेमागचा कॅमेरा लेनमध्ये जे जे टिपतो
ते आधी मशीन चाळतं, मग मी.
तीन बटणं: दोषी, निर्दोष, अस्पष्ट.

पहिल्या महिन्यात बोटं दुखली.
काय नव्हतं लेनमध्ये, भिया!
दोन सिलिंडरं बांधलेली स्कूटी,
नवरदेवासकट घोडी,
चारी दिवे लुकलुकवत "फक्त एक मिनिट" म्हणणारी पांढरी गाडी.
ते एक मिनिट मी मोजलंय.
अडतीस क्लिपा भरल्या त्याच्या.

पोह्यांच्या गाडीवरची वाफ काचेवर आली
की मशीन बावचळायचं,
वाफेभोवती लाल चौकट काढून
नंबर विचारायचं मला.

एकदा आतेभावाची गाडीही आली, गीता भवनपाशी,
मागच्या काचेवर त्याच्या मुलीचं नाव.
दोषी.
दिवाळीत फराळाला आला तेव्हा
चकलीच्या ताटलीशेजारी त्यानं चलान पसरलं,
"कोण बसतं गं तिथं? माणसं की राक्षस?"
मशीन असतं, म्हटलं मी,
आणि त्याला आणखी एक चकली वाढली.

एक्केचाळीस नंबरच्या बसचा ड्रायव्हर
मी पाहिलेला नाही.
पण चित्र कसं थांबतं त्यावरून ओळखते.
बाकीच्यांचं आपटतं.
याचं सावकाश खाली येतं,
उतू जाणारं दूध
पदरानं धरून उतरवावं तसं.

मार्गशीर्षातली सकाळ. नवलखा.
हातगाडीचं चाक निखळलं होतं
आणि लेनभर गराडू.
मातीनं माखलेले, वेडेवाकडे, गाडीभर गराडू.
गाडीवाला पोरगा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा.
चित्र सावकाश खाली आलं. थांबलं.
मग चौकटीत डावीकडून एक पाठ शिरली:
खाकी शर्टावर बिनबाह्यांचा स्वेटर, उसवलेला,
कोपराशी वळवलेल्या बाह्या.
तो वाकला.
मागून एक कॉलेजची मुलगी उतरली,
मग टिफिनवाले काका,
मग आणखी कोणकोण.
एकेक गराडू कडेला जात होता
आणि वळून कॅमेऱ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

मशीननं त्या पाठीभोवती लाल चौकट काढली.
अडथळा. कालावधी चार मिनिटं.
नंबरप्लेट?

तीनदा पाहिली मी ती क्लिप.
शेजारच्या टेबलावरून तरन्नुम म्हणाली, "क्या हुआ, अटक गई?"
हो, म्हटलं.
मग दाबलं अस्पष्ट.
त्या महिन्यात इतकं स्वच्छ
दुसरं काही दिसलं नव्हतं.

होळीपर्यंत लेन मोकळी झाली.
माणसं सुधारली म्हणत नाही,
चलान सुधारतं.
क्लिपा दीडशेवर आल्या, मग साठवर,
मग नुसताच डांबर, पांढरी रेघ,
क्वचित एखादं कुत्रं, ते निर्दोष.
साहेबांनी पेढे वाटले
आणि त्याच आठवड्यात चौघींना सांगितलं,
चैत्रापासून काम नाही.
बरोबरच आहे.
रिकामा रस्ता बघायचा पगार कोण देणार?

शेवटच्या दिवशी भंवरकुआंपर्यंत बसनं निघाले.
एक्केचाळीस नंबर आली म्हणून नाही,
आली ती आली.
पुढेच उभी राहिले, दांडा धरून.
आरशात अर्धी मिशी दिसली, एक डोळा.
पाठ सीटला टेकलेली, ती काही दिसेना,
उन्हाळा लागला होता, स्वेटरही नव्हता.

शिवाजी वाटिका गेली. नवलखा आला.
पूर्वी सव्वीस मिनिटं लागायची इथवर.
आज अकरा.
"दीदी, पीछे जगह है, बैठ जाओ," तो म्हणाला,
रस्त्यावरची नजर न काढता.
समोर काच. काचेपलीकडे
काहीच नसलेली लांबलचक लेन,
आणि दांड्यावर माझं बोट
उगाच
बटण चाचपत होतं.