अर्थिंग

व्हर्लिनने भावाच्या चेचलेल्या गाडीतलं इंजिन
आपल्या पिकअपमध्ये बसवलं. बसलं. सुरूही झालं.
पण डावा इंडिकेटर दिला की वायपर दचकतो,
दिवे लावले की पेट्रोलचा काटा
टाकी भरलीय म्हणून थाप मारतो.

तीन रात्री टेस्टर घेऊन वायरीमागून वायर.
फ्यूज शाबूत. बॅटरी ठणठणीत.
नेब्रास्काची थंडी बोटांच्या पेरांत.
ओरिनला विचारावं, असं दोनदा मनात आलं,
मग आठवलं.

चौथ्या दिवशी कोठारामागे गेला, तर
गवतात पडलेल्या जुन्या इंजिनाच्या कुशीला
अजून लोंबत होती
वीतभर तांब्याची विणलेली पट्टी.

एक बोल्ट. अर्ध्या इंची पाना.

काटा उतरला, पाव टाकीवर थांबला.
खरं तेवढंच होतं.
व्हर्लिन बराच वेळ आत बसून राहिला,
कोरड्या काचेवर
वायपर चालू ठेवून.