मुतग्याचा कळस दिसेपर्यंत

रात्री साडेअकराला वैजूचा फोन.
तिकडं भर दुपार, उणे नऊ, विमानांची रांग.
"बाबा, यंत्र म्हणतंय हलका बर्फ.
माझ्या बाहीवर पडतायत ते साबुदाण्यासारखे,
टणक, उड्या मारणारे.
हलक्या बर्फाला फवारा चाळीस मिनिटं पुरतो.
या गोळ्यांना तक्त्यात..."
पुढचं वाऱ्यानं खाल्लं.

मी सांबऱ्याचा. एकतीस वर्षं हवामान लिहिलं,
पंखावर बर्फ कधी बघितला नाही.
आमच्यात फार तर जोंधळ्याच्या पानावर दहिवर,
आणि धुकं.
ते खिडकीतून मोजून चालायचं नाही.
कानटोपी घालून गच्चीवर.
चिंच दिसली की दोनशे मीटर,
पाण्याची टाकी, आठशे,
मुतग्याचा कळस दिसला
की खाली येऊन फोन फिरवायचा: येऊ दे की.

मग पांढऱ्या खांबावर दोन डोळे आले.
हातभर हवा चाखायची
आणि सगळ्या शिवाराचा निकाल द्यायचा.
एका पहाटे कल्लाप्पानं उसाचा पाला पेटवला,
यंत्रानं लिहिलं: धुकं, तीनशे.
मला कळस दिसत होता, त्यावरचा कावळाही.
पुढच्याच आठवड्यात धुकं पूर्वेच्या टोकाला बसून राहिलं
म्हशीसारखं,
यंत्र म्हणालं: पाच किलोमीटर, निवांत.
खोटं नाही बोललं ते.
त्याच्या हातभर हवेत तेवढंच होतं.

माझ्या जागी आला होसमनी, बागलकोटकडचा पोरगा.
पहिल्या दिवशी म्हणाला, "मंजु, सर."
त्याच्या कन्नडात धुकंही मंजु, बर्फही मंजु.
मी विचारलं, मग ओळखता कसं रे?
"हात बाहेर काढून, सर."

"वैजू, ऐकू येतंय? काय केलंस मग?"
"थांबवलं. पुन्हा फवारलं.
बावीस मिनिटं उशीर. कॅप्टन चिडलाय."
"आणि वहीत?"
"बाहीवर होतं ते लिहिलं."
मागं कुणीतरी तिला इंग्रजीत हाका मारत होतं.
जेवलीस का, विचारायचं राहिलं.

फोन ठेवून उगीच गच्चीवर गेलो.
धावपट्टी वाढवताना चिंच तोडली,
त्याला तीन वर्षं झाली.
दोनशे मीटर कुठं संपायचे
ते अंधारात आठवत उभा राहिलो,
कठडा ओला लागला हाताला.