दोन पाव

कुर्टीच्या या फ्लॅटखाली
पोदेराचा भोंगा वाजला की
अजून तोंडात 'चौदा' येतं.
तो हसतो. दोन मोजून देतो.

बांदोड्याला चौदांतला एकही
माझ्या हाती गरम आला नाही.
आधी मामंजी, मग भावोजी, मग मुलं,
मग प्रमिलाजाऊ म्हणायची,
अर्धा अर्धा घेऊया गं.

तो अर्धा मला नको होता.
त्यासाठी दोन वर्षं भांडले उल्हासशी,
कुजबुजत;
भिंतीपलीकडची कूस बदललेली ऐकू यायची.

आता दोन्ही गरम.
उल्हास सहाच्याच बसने वेर्ण्याला.
मी एक खाते.
दुसरा दुपारपर्यंत चिवट होतो.

काल जाऊचा फोन आला.
नारळ उतरवलेत, घेऊन जा.
ठेवता ठेवता म्हणाली,
पोदेर अजून चौदाच देतो गं,
मी काही सांगितलं नाही त्याला.