डावखुरं शिवार

कालव्याकाठच्या माझ्या दुकानात
लोक लग्नाचे फोटो आणतात, कुत्र्यांचे,
नातवाने रंगवलेला देवमासा.
म्हातारा वीब्रेन डोक्कुमच्या बसमधून उतरला तो
जुन्या घोंगडीत गुंडाळलेल्या तीन तसबिरी घेऊन.
"एकीची काच गेलीये," म्हणाला,
"बाकीच्या दोघी सोबतीला आणल्या."

पहिलीत नांगरट, दोन घोडे.
दुसरीत बटाट्याची काढणी, बायकांच्या वाकलेल्या पाठी,
कोपऱ्यात ओलीचा तपकिरी डाग.
तिसरीत गवतकापणी:
सात माणसं तिरक्या ओळीत,
पुरुषभर उंच दांड्यांचे विळे,
आणि आभाळ इतकं मोकळं
की छापणाऱ्याने तिथे शाई वाचवली असावी.

मी तसबीर पालथी घातली.
गंजलेले खिळे चिमट्याने उपसले.
मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने कुणीतरी
किंमत लिहून खोडली होती,
खाली आणखी कमी लिहिली होती.
काचेचे तुकडे वर्तमानपत्रावर झटकताना
मी सहज बोलून गेले,
"यांच्या अंगरख्यांची बटणं बायकी बाजूला आहेत."

तो हसला, वाटच बघत असल्यासारखा.
"नांगर बघ. माती कुठल्या अंगाला पडतेय ते बघ.
तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्याने सरळ कोरलं,
कागदावर उमटलं ते उलटं.
अख्खं गाव डावखुरं झालं एका दाबात."

मग बराच वेळ काही नाही.
बाहेर एक बोट
पूल उघडायची वाट बघत भोंगा वाजवत होती.

"माझा भाऊ, सित्से.
विळा उजवीकडून डावीकडे चालतो.
सात जणांच्या ओळीत एकाचा उलटा चालला
तर शेजाऱ्याची पोटरी जाते.
वडिलांनी एक उन्हाळा त्याला उजव्या हातावर जुंपून बघितलं.
गवत कापलं गेलं नाही, चुरगळलं.
दुसऱ्या उन्हाळ्यात बायकांच्यात पाठवलं, दाताळं ओढायला.
आई डावं-उजवं करणारी नव्हती,
ताटात तर नाहीच.
त्याला डावललं असंही कुणी म्हणालं नाही.
ओळ ती ओळ.

लोहाराकडून त्याने चोरून उलटं पातं करून घेतलं.
सगळे जेवायला बसले की
चरापलीकडच्या तुकड्यात एकटाच कापायचा.
सकाळी तिथलं गवत
दुसऱ्या कुशीवर निजलेलं असायचं.
वडील बघायचे, बोलायचे नाहीत.
गायी खायच्या. गायींना काय.

पुढे तो कॅनडाला गेला.
पत्रं यायची, तळहाताने फरफटलेल्या शाईची,
अर्धी वाचायची, अर्धी समजून घ्यायची.
मग आमच्याकडे यंत्रं आली. ओळच गेली."

त्याने बोट ठेवलं, कागदावर नाही, कागदाच्या जरा वर.
"लिलावात लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला जुने दिवस आवडतात.
मला नाही आवडत. कंबर अजून दुखते.
पण हा चौथा बघ, टोपी मागे सरकवलेला.
सित्सेसारखा मुळीच दिसत नाही.
इथे मात्र त्याला उभा करता येतो,
दोन्हीकडे माणसं असलेला."

चकाकत नाही अशी काच मी सुचवली.
"साधी चालेल," म्हणाला, मग साधीच्या भावातही घासाघीस केली,
आणि दोन्ही सोबतिणी माझ्याकडेच ठेवून,
रिकामी घोंगडी काखेत मारून
चारच्या बसला गेला.

गुरुवारी द्यायची आहे.
नवी काच बसवली, पुठ्ठा लावला,
आणि दुकानात कुणी नाही बघून
हातोडी डाव्या हातात घेतली.
पहिला खिळा वाकला.
दुसरा अंगठ्यावर.
तिसरा
कसाबसा, तिरका, पण आत.